लेकरू झोपूदे की

काल रात्रीपासून डोकं शांत नाही. दहाला घरी आले, दूध गरम करून घेतलं, तरी डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले. लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

काल आपल्या बेळगावात गाण्याचा कार्यक्रम होता. कुठल्या सभागृहात, कुणी ठेवलेला, ते लिहीत नाही. सगळीकडं हेच चालू आहे, एकाचं नाव घेऊन उपयोग नाही. मी सव्वासहाला पोचले. दारात माझ्या पुढं एक गृहस्थ होते, पस्तिशीचे असतील. हाताला सहा-सात वर्षांची मुलगी, पिवळा स्वेटर, दोन वेण्या, मुठीत बिस्किटाचा पुडा. पास दोन होते, रीतसर. दारातल्या पोरानं पास बघितले, मग मुलीकडं बघितलं आणि म्हणाला, "दहा वर्षांच्या आतल्या मुलांना सोडत नाही ओ. पासावर छापलंय बघा." खरंच छापलं होतं, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. ते गृहस्थ म्हणाले, "ती दंगा करत नाही हो. आम्ही शेवटच्या रांगेत बसतो. झोप आली तर झोपेल." तेवढ्यात आतून एक कार्यकर्ते आले, माझ्याच वयाचे. म्हणाले, "झोपवायचंच असेल तर घरात झोपवा की. गाणं काय झोपायची जागा आहे?"

ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत. मुलीला स्कूटरवर पुढं उभी केली, बिस्किटाचा पुडा डिकीत ठेवला आणि गेले. आणि मी, माझा पास दाखवून आत जाऊन बसले. हे लिहिताना हात थरथरतोय माझा. चौसष्ट वर्षांची बाई, छत्तीस वर्षं शाळेत पोरं शिकवलेली, आणि तिथं माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

कारण गाणं झोपायची जागा आहे. माझ्यासाठी तर होती.

बेळगावातल्याच शहापूरला आमची गल्ली सगळी विणकरांची. माझ्या वडिलांचा, आप्पांचा, हातमाग घरातच, पुढच्या सोप्यात. 1968 सालचा गणपती असावा, मी सात वर्षांची होते. गल्लीच्या मंडपात धारवाडकडचे एक गवई आले होते. आरती, जेवणं उरकून दहाच्या पुढं बैठक सुरू व्हायची, ती उजाडेपर्यंत. मंडप म्हणजे वर पत्रे, बाजूला पोत्याचे पडदे, खाली सतरंज्या. आप्पा मला सायकलीवर पुढच्या दांडीवर बसवून सगळीकडं न्यायचे, इथं तर काय घराच्या दारातच. आईनं विचारलं, "पोरगीला कुठं नेतासा रात्रीचं?" आप्पा म्हणाले, "ऐकंल की." तेवढंच.

मी ऐकलं म्हणजे काय केलं, तर आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून पालथी झोपले. आणि आप्पांचा तळवा माझ्या पाठीवर. ते गाण्याचा ताल, एकताल, मोजायचे. विलंबित, हळूहळू, एकेका मात्रेला बोट उचलून परत टेकवायचं. बारा मात्रा. आणि सम, म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा, आली की तळवा जरा जड पडायचा. दिवसभर धोटा फेकून फेकून हाताला घट्टे पडलेले, ते फ्रॉकमधून टोचायचे. सम म्हणजे काय हे मला कुणी शिकवलेलं नाही. शाळेत, क्लासमध्ये, कुठंच नाही. समेवर पाठीवर वजन यायचं, बस्स. अजूनही कुठलाही ख्याल ऐकताना सम यायच्या अर्धी मात्रा आधी माझी पाठ वाट बघते.

त्या रात्री मध्यरात्रीनंतर पाऊस आला आणि लाइट गेली. पत्र्यावर असा आवाज की माइक असता तरी काही ऐकू आलं नसतं. गॅसबत्त्या पेटवल्या. गवई थांबले, तंबोरा परत लावून घेऊ लागले. या गडबडीत मी आप्पांच्या मांडीवरून घसरून पुढं पाय पसरलेले, तंबोऱ्याच्या भोपळ्यापर्यंत. मंडळाचे एक जण मला उचलायला आले. "ए, कुणाची पोरगी ही? उचला." तेव्हा त्या गवयांनी तंबोऱ्याच्या खुंटीवरचा हात न काढता म्हटलं, "कूसु मलगली बिड्री." लेकरू झोपूदे, सोडा. आणि तंबोऱ्याची गवसणी बाजूला पडली होती ती ओढून माझ्या अंगावर टाकली. लाल फडकी, आतून अस्तर लावलेली. तिला जुन्या लाकडाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. हे आप्पांनी नंतर शंभर वेळा सांगितलेलं, त्यामुळं मला आठवतंय की ऐकून माहीत आहे ते आता सांगता येणार नाही. पण वास माझा आहे. तो आप्पांनी सांगितलेला नाही.

पहाटे आप्पांनी हलवलं. "बाळ, ऊठ. ललत लागलाय. हे दोन मध्यम ऐक, कसे एकमेकाला चिकटून बसलेत." माझे आप्पा चौथी शिकलेले. पण ललत या पहाटेच्या रागात पंचम (प) नाही आणि दोन मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) लागून येतात, हे त्यांना मिरजेला ऐकून ऐकून कळलेलं. मी अर्धवट झोपेत ते ऐकलं. पाऊस थांबला होता. कोंबडा आरवत होता आणि कुणाच्या तरी घरात चुलीला लाकडं घातल्याचा धूर येत होता. गॅसबत्ती अजून फुसफुसत होती. त्यानंतर आजवर मी कितीतरी मोठमोठ्या लोकांचा ललत ऐकला. त्या पहाटेच्या ललतच्या जवळपास कुठलाच जात नाही, आणि मी तो निम्मा झोपेत ऐकलेला.

आता सांगा, मला त्या मंडपाच्या दारात कुणी अडवलं असतं तर?

आमच्या भागातल्या माणसाला गाण्याचं कौतुक सांगायला नको. तरी सांगते, कारण राग आलाय. भीमसेन जोशी गदगकडचे. लहानपणी भजनाच्या, बँडच्या मिरवणुकीच्या मागं मागं जायचे आणि दमले की वाटेल तिथं झोपून जायचे. घरचे शोधून शोधून बेजार, पोलिसात जायची पाळी यायची. शेवटी वडिलांनी शर्टावर लिहून ठेवलं, जोशी मास्तरांचा मुलगा. म्हणजे ज्याला सापडेल त्यानं घरी आणून सोडावं. भारतरत्न मिळालेला माणूस गाण्याच्या मागं जाऊन रस्त्यात झोपायचा! आणि आपल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व 1936 मध्ये मुंबईच्या संगीत परिषदेत गायले तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. ज्या वयाच्या पोराला आपण मोठ्या मुश्किलीनं आत सोडणार, त्या वयाचा पोरगा व्यासपीठावर बसला होता. त्याचं नाव घेऊन भाषणं करणारे आपण, आणि पासाच्या मागं काय छापतोय?

भाषणांचं निघालंच आहे तर कालचं सांगते. आत गेले. दिवा लावणं, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, परत एकदा शाल. सत्कार नऊ जणांचे. मी घड्याळ बघत होते, अठ्ठेचाळीस मिनिटं. माझ्या मागच्या रांगेत दोघं जण बुडा, म्हणजे शहर विकास प्राधिकरणाच्या ऑफिसच्या कुठल्याशा प्लॉटबद्दल बोलत होते, ते गाणं सुरू झाल्यावरही थांबले नाहीत. तीन वेळा फोन वाजला, एकदा तर बिहाग रागाच्या आलापात, आणि त्या माणसानं तो घेतला! "हां, कार्यक्रमात आहे, बोल." पुढच्या रांगेत पाच-सहा मोबाइल वर, त्यातला एक लाइट चालू ठेवून. गाणारी मुलगी फार गुणी होती. आवाज कसलेला, घाई नाही, गंधारावर थांबायचं धाडस आहे. तिला मिळाली एक तास पाच मिनिटं. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, नुकतं रंगत होतं आणि बाजूनं चिठ्ठी सरकवली. भैरवी घ्या, म्हणजे आता संपवा. तिनं चिठ्ठी वाचली आणि चेहरा पडू दिला नाही, एवढं मात्र मी बघितलं.

आणि मुलांमुळं व्यत्यय येतो म्हणे!

मान्य, मुलं रडतात. कोल्हापूरला एकदा मारव्याच्या आलापात एक बाळ असं किंचाळलं होतं की मीसुद्धा वळून बघितलं होतं, आणि चांगल्या नजरेनं बघितलं नव्हतं. त्या बाळाची आई उठून बाहेर गेली, दोन मिनिटांत परत आली, कुणाचं काही गेलं नाही. बस्स, एवढंच मान्य करते, याच्या पुढं नाही.

मला आप्पांचं मिरजेचं वेड आठवतंय. ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस आला की माग दोन दिवस बंद. त्या दोन दिवसांची मजुरी बुडायची, आई बोलायची, आप्पा ऐकून घ्यायचे आणि जायचेच. तेव्हा मीटरगेजची गाडी, बेळगावहून मिरजेला जायला खूप वेळ घ्यायची. सुळेभावी स्टेशन आलं की आप्पा प्रत्येक वेळी खिडकीतून बोट दाखवायचे. "हे कुमारांचं गाव." मी म्हणायची, "मागल्या वेळी सांगितलासा की आप्पा." "मग काय झालं? परत बघ." पुढं पाच्छापूर, घटप्रभा, रायबाग, कुडची, मी त्यांच्या खांद्यावर झोपलेली. दर्ग्यात किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. खाँसाहेब 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत एका स्टेशनवरच गेले, आणि त्यांना मिरजेला आणून तिथं मूठमाती दिली. आप्पा ती गोष्ट गाडीतच सांगायचे आणि सांगताना आवाज बारीक करायचे, जणू पुढचं स्टेशन तेच आहे. दर्ग्यात रात्रभर गाणं. तिकीट नाही, पास नाही, खुर्ची नाही. हमाल, टांगेवाले, डॉक्टर, तंबोरे करणारे कारागीर, सगळे एका जाजमावर. बायका कमी असायच्या, खरं असायच्या. पोरं तर कितीतरी. निम्मी झोपलेली. मुलं झोपली म्हणून कुणी तक्रार केलेली मला आठवत नाही. उलट ओळख ना पाळख, एखादी मावशी आपला पदर पसरून घालायची अंगावर.

तिथंच गंगूबाई हनगलांबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं. दोन मोठी माणसं बोलत होती, की बाई गायला लागल्या की डोळे मिटलेल्या माणसाला बाई गातात की बुवा हे कळत नाही. पुढं मी स्वतः ऐकलं तेव्हा कळलं, बाई की बुवा हा प्रश्न तिथं उरतच नाही. मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले, ते अनवट राग असे गायचे की जणू गल्लीतली रोजची वाट आहे. भीमसेन तर किती वेळा, अभंग ऐकले तसे कन्नड हरिदास संतांची पदंही, म्हणजे दासवाणी, ऐकली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मराठी येत नव्हतं आणि मला कन्नड मोडकंतोडकं. अभंगाला त्या रडत होत्या, दासवाणीला मी. आमच्या या भागात काय काय भांडणं झाली, पाट्यांवरून, शाळांवरून, ती तुम्हाला माहीत आहेत आणि आपली बाजू कुठली तेही माहीत आहे, त्यात मी मागं नाही. पण मला झोपू देणारा माणूस कन्नडमध्ये बोलला होता. हे मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

आता रात्रभर गाणं कुठं राहिलंय? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमानं रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सवलत मिळते, ती कुणाला आणि कशासाठी मिळते ते आपण बघतोच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, डीजेच्या भिंती लावणाऱ्यांनी तो ओढवून आणला. आजारी माणसांचे, परीक्षेच्या पोरांचे हाल मी बघितलेत. पण त्यात मध्यरात्रीचे आणि पहाटेचे राग गेले. दरबारी, मालकंस साडेनऊला उरकायचे. ललत तर दिवाळी पहाटला साडेसहाला, ऊन आल्यावर, किंवा मोबाइलवर. बंद सभागृहाला तो नियम लागत नाही म्हणतात, पण सभागृहाचा माणूस साडेनऊला किल्ल्या वाजवत दारात उभा असतो.

म्हणजे रात्र गेली, सतरंजी गेली, आता पोरंही जाणार. मग दहा वर्षांनी त्या खुर्च्यांवर कोण बसणार आहे? काल मी मागं वळून बघितलं. आमचीच डोकी. पांढरी, मेंदी लावलेली, टक्कल पडलेली. चाळिशीच्या आतले बोटावर मोजण्याइतके. आणि कार्यकर्ते दर वेळी माइकवर म्हणतात, तरुण पिढी येत नाही. कशी येईल? सहाव्या वर्षी दारातून परत पाठवलेली मुलगी विसाव्या वर्षी कशाला येईल?

कुणीतरी म्हणेल, मॅडम, तुमचा मुलगा तरी कुठं येतो? तो पण लहानपणी तुमच्या मांडीवरच झोपायचा. होय. पुण्यात असतो, गाडीत दुसरंच काहीतरी ऐकतो. सगळीच पोरं गाण्याकडं वळतील असं कुणी सांगितलंय? खरं गेल्या मे महिन्यात आला होता, स्वयंपाकघरात रेडिओवर विलंबित चालू होतं आणि हा फोनवर ऑफिसचं बोलत ओट्याला टेकून उभा. समेवर त्याचं बोट ओट्यावर पडलं. बोलणं चालूच. त्याला स्वतःला कळलंसुद्धा नाही. मी कांदा चिरायची थांबले. पुढच्या आवर्तनात परत पडलं.

आप्पांचंही तसंच झालं होतं. 1994 साली गेले. शेवटचे आठ-दहा दिवस ग्लानीतच होते, ओळख द्यायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी उशाशी टेपरेकॉर्डर लावला, आवाज अगदी बारीक. डोळे मिटलेले, श्वास लागलेला, आणि चादरीवर उजव्या हाताची बोटं एकेक करून उचलत होती. मी मोजल्या. बारा.

झोपेत कान बंद होतात असं ज्यांना वाटतं त्यांनी मला येऊन सांगावं.

सुरुवात केली तेव्हा मी फार चिडले होते. आता तेवढी चिड उरली नाही, वाईट मात्र जास्त वाटतंय. त्या कार्यकर्त्यांना मी ओळखते. चांगले गृहस्थ आहेत, स्वतःच्या खिशातले पैसे घालून कार्यक्रम करतात, हॉलचं भाडं, कलाकाराची बिदागी, साउंडवाला, सगळ्यांच्या मागं धावतात. नसते तर कालचा बिहागही झाला नसता. मी आज सकाळी त्यांना फोन केला. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे ओ बाई, पण एकाला सोडलं की सगळे आणतात." मी म्हटलं, आणूद्या की सगळ्यांना! शेवटच्या दोन रांगा काढा, तिथं सतरंज्या घाला. रडलं पोर तर बाहेर दार आहेच. ते म्हणाले, कमिटीत ठेवतो विषय. ठेवतील की नाही माहीत नाही. मी मात्र सोडणार नाही. सत्काराची अठ्ठेचाळीस मिनिटं तुम्हाला सापडतात, दोन सतरंज्यांची जागा सापडत नाही?

काल गाणं चालू असताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. विलंबितात गाणारी मुलगी समेवर आली आणि माझा हात आपोआप त्या खुर्चीवर पडला. गार रेक्झिन. तेव्हा मला त्या पिवळ्या स्वेटरची आठवण आली आणि पुढचं आवर्तन मी ऐकलंच नाही.

म्हणून एक काम करा माझं. स्कूटर वडगावच्या बाजूनं गेली. वडील पस्तिशीचे, चश्मा, सावळे, अंगात निळा चौकडीचा शर्ट. मुलीच्या दोन वेण्या. कुणी ओळखत असेल तर त्यांचं नाव इथं लिहू नका, त्यांनाच माझा निरोप द्या. पुढच्या महिन्यात अजून एक कार्यक्रम आहे, मी दोन पास जास्तीचे घेतलेत. पासाच्या मागं तोच नियम छापलाय, बघितला मी. पावणेसहाला मी दारात उभी असेन, त्या दोघांना घेऊनच आत जाणार, आणि या वेळी बोलणार आहे. थंडी आहे, शेवटच्या रांगेच्या मागं गार लागतं. येताना मी सतरंजी आणि एक शाल घेऊन येते.